आंदणाची बाज आणि दोन पंखे

माझ्या बायकोची आंदणात आलेली बाज मी गाडी बनवण्यासाठी कापली, ही गोष्ट खरी आहे.

लढाईचे दिवस होते. पेट्रोलवर रेशन बसलं होतं आणि खामगावातल्या लॉऱ्या कोळशाच्या गॅसवर खोकत चालत. मी सरकी काढायच्या एका कापसाच्या जिनात फिटर होतो, म्हणजे निम्मा दिवस यंत्रांकडे आणि निम्मा छताकडे बघत असे. जिनाच्या ऑफिसातला पंखा बघता बघता मला एक दिवस साक्षात्कार झाला. पंख्याचा मधला दांडा जागचा हलत नाही, फिरतो तो भोवतालचा डबा! मग त्या डब्याला पात्यांऐवजी सायकलच्या तारा आणि रिंग लावली तर? चाकातच मोटर. ना साखळी, ना पट्टा, ना बैल.

ऑफिसानं टाकून दिलेले दोन पंखे मी मागून आणले, त्यांची तार नव्यानं गुंडाळली आणि एका बंद पडलेल्या लॉरीच्या बॅटऱ्या मिळवल्या. पण पंख्याची ताकद ती किती! वारा ढकलणाऱ्यानं माणूस ढकलायचा, तर गाडी अगदी हलकी हवी. घरात हलकं आणि मजबूत असं एकच सामान होतं, ते म्हणजे बायकोची, सुभद्राची, बाज. तिच्या वडिलांनी सुताराजवळ बसून करून घेतलेली. मी आधी पाय कापले (बाजेचे). मग निम्मा सुंभ काढला. मग लाकडाला ओळीनं भोकं पाडली. भोकांनी वजन कसं कमी होतं, हे मी सुभद्राला नीट समजावूनही सांगितलं. ती तीन रात्री जमिनीवर झोपली आणि चौथ्या दिवशी कोसभरावर सुटाळ्याला, माहेरी निघून गेली.

महिना झाला. मी निरोपावर निरोप धाडले. सासऱ्यांचं, म्हणजे मामाजींचं, उत्तर एकच येई : आधी बाज आणा, मग पोरगी नेण्याचं बोलू. खरं सांगतो, त्या महिन्यात घर मला खायला उठलं. सुभद्रा होती तेव्हा डोक्यात पंखे असल्यामुळे मी तिच्याशी धड चार शब्द बोलत नसे. ती गेल्यावर मी पंख्यांशी बोलायला लागलो. तेही काही बोलत नसत.

शेवटी ठरवलं, बाज स्वतःच्या चाकांवर चालवत तिच्या दारात न्यायची. पंख्यांची दोन चाकं दोन बाजूंना, पुढे कुठेही वळणारं एक लहान चाक आणि त्याला दांडा. गाडी विटांवर चढवून मी दोन्ही चाकं एकेक करून तपासली. दोन्ही झर्रकन फिरली. जमिनीवर चालवून बॅटरी कशाला उतरवायची, म्हणून सुटाळ्याच्या वेशीपर्यंत ती मी बैलगाडीत घालून नेली आणि तिथून मामाजींच्या अंगणापर्यंत हातानं ढकलत. (ही गोष्ट मी पुढे बरीच वर्षं लपवून ठेवली.)

मामाजींनी बाज लगेच ओळखली. तिच्याभोवती एक फेरी मारली, एका भोकात बोट घालून पाहिलं.

"पाय कुठं हायत हिचे, जवाईबापू?"

"चाकं हायत ना, मामाजी. बसून तं पाहा."

मामाजी फेटा सारखा करून बसले. अंगणात अर्धं गाव जमलं होतं. वजन वाढू नये म्हणून मी खालीच उभा राहिलो आणि बटण दाबलं. गाडी पुढे गेली नाही. मागेही गेली नाही. ती जागच्या जागी गरगर फिरायला लागली! एक चाक खामगावला निघालेलं, दुसरं चिखलीला. बटण बाजेला, बाज फेऱ्यात, मी बटणामागे आणि गावातलं कुत्रं माझ्यामागे. मामाजींचा फेटा सुटत सुटत चाकात गुंतला, तेव्हा कुठे सगळं थांबलं.

मामाजींचे डोळे अजून मिटलेलेच होते. "आलं का खामगाव?" त्यांनी हळूच विचारलं.

अंगण हसून लोटपोट झालं. दारात उभी असलेली सुभद्रा मात्र हसली नाही. माझं हसं झालेलं तिला बघवत नव्हतं, आणि ते पाहून मला पहिल्यांदा स्वतःची खरीखुरी लाज वाटली. ती पुढे आली, खाली बसली आणि चाकातला फेटा सोडवू लागली.

"दोन्ही पंखे एकाच अंगानं फिरतात ना?"

"हाव."

"आन तुमी लावले समोरासमोर तोंड करून."

"हाव."

"मंग? तुमी आन मी समोरासमोर उभे राह्यलो, आन दोघंबी आपापल्या उजव्या हाताले चाललो, तं एका जागी कसे पोचू?"

ती पंख्यांबद्दलच बोलत होती, असं मी त्या वेळी धरून चाललो. एका पंख्याच्या दोन तारांची अदलाबदल करायला मला पाच मिनिटं लागली.

मामाजींनी फेटा पुन्हा बांधला आणि सांगून टाकलं की बाज तर आली, आता जायचं की नाही ते पोरगीच ठरवील. सुभद्रा आत गेली. बाहेर आली ती गाठोडं घेऊनच, आणि दांडा हातात धरून बाजेवर बसली. मी घाईनं शेजारी बसलो, बटण दाबलं. चाकं नुसती घूं घूं करत राहिली.

"भार होऊन राह्यला," ती म्हणाली. "उतरा तुमी."

मी उतरलो. गाडी सरळ निघाली, वेशीबाहेर पडली आणि खामगावच्या रस्त्याला लागली. मी मागे धुळीत धावत होतो आणि धावताना मला फार बरं वाटत होतं. गाडी हलकी करायला मी लाकूड काढलं, सुंभ काढला, पाय कापले. तिच्यातली सगळ्यात जड आणि बिनकामाची वस्तू कुठली, हे मात्र सुभद्रानं बसल्या बसल्या ओळखलं!