भर दुपारी जुळवलेले दोन कार्ब्युरेटर

जुनी मोटरसायकल विकायची नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. बायकोचं मत उलट होतं, आणि माझा गुडघा तिच्या बाजूने. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी ऑपरेशननंतर बजावलं होतं, की किक मारणं शक्यतो टाळा. त्याआधीच मी हौसेने दोन्ही सिलिंडर बोअर करून मोठे पिस्टन बसवून घेतले होते, त्यामुळे किक आणखी जड झाली होती. गाडी पळायची झकास. पण चौकात थांबली की गचके देऊन बंद पडायची. मिहानमध्ये नोकरी करणारा एकजण ती घ्यायला टपलेलाच होता.

शेवटी बायकोने अट घातली.

"मले भर दुपारी कुहीले माहेरी नेऊन दाखवा. रस्त्यात किक मारा लागली, तं त्या घेणाऱ्याले फोन लावजा."

मी हट्टाला पेटलो. मोठ्या इंजिनाला पेट्रोल पुरावं म्हणून दोन्ही कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे जेट काढून मोठे घातले. मे महिन्यात नागपूरचा शहाणा माणूस सगळी कामं सकाळीच उरकतो, म्हणून मीही पहाटेच्या गारव्यात स्क्रू जुळवायचो. सकाळी इंजिन गुणी बाळासारखं चालायचं आणि दुपारी बंद पडायचं. प्लग काढून पाहावा तर काजळीने काळाकुट्ट. मी जेटला शिव्या दिल्या, पेट्रोलला दिल्या. मग एकदाचं डोक्यात आलं, की तापलेली हवा विरळ होते. सकाळच्या हवेला बेताचं असलेलं पेट्रोल दुपारी जास्त होत होतं. गाडी चालवायची उन्हात आणि जुळवायची गारव्यात, असा माझा कारभार.

मग मी भर उन्हात अंगणात बसलो, डोक्याला दुपट्टा बांधून. पाना हातात धरवत नव्हता. दोन्ही सायलेन्सरमागे तळहात धरून फुंकर सारखी लागते का ते पाहायचो, हवेचा स्क्रू किंचित फिरवायचो, परत पाहायचो. शेजारी खिडकीतून हसत होते. बायको पन्ह्याचा तांब्या आणून ठेवत गेली. प्लग बदामी निघेपर्यंत, म्हणजे पेट्रोल बेताचं जळू लागेपर्यंत, मी उठलो नाही.

कुहीच्या वाटेवर इंजिन एका चौकातही अडखळलं नाही. पुढे रेल्वेचं फाटक लागलं. सगळ्यांनी गाड्या बंद केल्या. मी मात्र चालूच ठेवली. मालगाडी संपता संपेना, पण इंजिन संथपणे चालत होतं. माझी छाती फुगली होती. तेवढ्यात बायकोने खांद्यावरून हात घालून चावीच फिरवली. इंजिन गप्प झालं. मला भयंकर राग आला.

फाटक उघडलं. मी पाय उचलणार, तोच ती खाली उतरली. मला हँडल धरायला सांगून तिने पदर खोचला आणि किक मारली. पहिली फुकट गेली. दुसरीला इंजिन सुरू झालं.

"गाडीशी माहं काई वैर नोहतं," ती मागे बसत म्हणाली. "तुमचा पाय जाईन, याचंच भेव वाटत होतं मले."

घेणाऱ्याला मी कुहीहूनच फोन लावला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं.