सुजलेल्या पायांतली जोडवी

माझं शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडं आहे. चौथीनंतर हातात पेन क्वचितच आलं. माफ कर, मुली. तू हिंदी शाळेत शिकलीस, मराठी अडखळत वाचतेस, म्हणून सोपं लिहिते. तुझे पाय कधी सुजले तर हे काढून वाच.

देवासच्या दवाखान्यात डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "बाई, आपका एल्ब्यूमिन बहुत गिर गया है." आजाराचं नाव नेफ्रोटिक सिंड्रोम. अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रोटीन. लिव्हर ते बनवतं, आणि ते पाण्याला नसांमध्ये धरून ठेवतं. माझ्या किडनीतून ते लघवीवाटे जात होतं. आपण दही टांगतो, तेव्हा पाणी गळतं आणि चक्का फडक्यात राहतो. माझ्या फडक्याची वीणच सैल झाली होती. चक्काच गळत होता, आणि नसांत न थांबलेलं पाणी पायांत, पोटात, तोंडावर साचत होतं.

हे धारला सासरीच कळायला हवं होतं. सकाळी डोळे उघडत नसत. लघवीला फेस यायचा, तो मी लाजेने कुणाला सांगितला नाही. तू सांग. साधी लघवीची तपासणी असते. पण सूज तर सगळ्यांना दिसत होती. तुझ्या आजी शेजारणीला म्हणायच्या, "सुनेला आमच्याकडचं तूप मानवलं बघा." मी आतल्या आत जळायचे आणि पोळ्या लाटायचे.

जोडवी बोटांत रुतली. साबण लावून काढायला बसले, तर आजी म्हणाल्या, "नवरा धडधाकट असताना बोटं उघडी करतेस?" तुझे बाबा तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. जखम झाली, तिच्यावर हळद लागली, जोडवी तशीच राहिली. भाऊबीजेला तुझे मामा आले, पाय बघितले, आणि ओवाळून घ्यायच्या आधी मला गाडीत घालून देवासला घेऊन गेले. बाबा मागून आले.

वॉर्डात डॉक्टर चिडले. "एल्ब्यूमिन कम हो तो घाव जल्दी नहीं भरता. बिछिया नहीं कटेगी तो उँगली कटेगी."

बाबा म्हणाले, "आईला फोन करून विचारतो."

चार लोकांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, "बोट माझं आहे. काटो, सिस्टर."

अल्ब्युमिनच्या बाटल्या सलाईनसारख्या चढवल्या, सोबत लघवी होण्याचं इंजेक्शन. मग कित्येक महिने स्टेरॉइडच्या गोळ्या आणि अळणी जेवण. गळती थांबली. बोट वाचलं, खाच राहिली. मामांचे उपकार मी विसरणार नाही.

बाटल्या महाग असतात. पैसे तुझ्या काकांनी दिले, तेही नाकारत नाही. पण मी जेवण वाढायला लागले की काका म्हणायचे, "वैनी, तुमच्या अंगात आमची बाटली फिरतेय, जरा चपळ चाला." सगळे हसायचे. बाबाही.

मी पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेतल्या आणि थोडे थोडे फेडत गेले. शेवटी जरा कमी पडले, तेव्हा कापलेली जोडवी सोनाराकडे मोडली. सगळ्यांसमोर पैसे काकांपुढे ठेवले. आजी माझ्या बोटांकडे बघत होत्या.

"भाऊजी, मोजून घ्या. आता अंगात फिरतंय ते माझं आहे."

त्यांनी मोजले. पुरे होते.