मांडी द्यायला निघालेला शेषेराव

अहमदपूरजवळच्या सरकारी रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधायचे दिवस आले की शेषेराव आणि त्याची बायको चांगुणा यांना मधेच कुणी हाक मारायची नाही, असा रिवाजच पडला होता. तो चाकूनं काप घ्यायचा, चांगल्या झाडाची काडी गावरान रोपाच्या खुंटात बसवायचा आणि हात काढायच्या आत ती पट्टी गुंडाळून गाठ मारायची. दोघांत एक शब्द होत नसे. घरी मात्र दोघं अखंड बोलत, म्हणजे चांगुणा बोले.

शेषेराव काही जन्माचा माळी नव्हे. बहात्तरच्या दुष्काळात तो तलावाच्या कामावर माती उपसत होता. पुढं रोपवाटिका निघाली तेव्हा पाणी घालायला म्हणून लागला आणि कोकणातून आलेल्या एका साहेबांच्या हाताखाली कलम शिकला. साहेब कलमाला ‘ग्राफ्ट’ म्हणायचे. शेषेरावाला सबंध इंग्रजीतला हा एकच शब्द आला, पण त्यानं तो असा वापरला की गावाला वाटावं, बाकीची भाषा त्यानं घरी ठेवलीय.

लातूर जिल्हा झाला त्या साली, आखाड तळताना चांगुणाच्या चुलीवरची कढई कलंडली. उकळतं तेल उजव्या हातावर सांडलं. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात महिनाभर मलमपट्टी झाली, पण पंजाच्या पाठीवरची जखम भरेना आणि बोटं आखडायला लागली. ती सरळ राहिली नाहीत तर गाठ कसली, घासही तोंडात घालता येणार नव्हता. दुसऱ्या कुणाच्या हातची पट्टी आपल्या कापावर बसलेली शेषेरावाला बघवली नसती.

डॉक्टर म्हणाले, “स्किन ग्राफ्ट करावं लागेल. मांडीचं कातडं काढून हातावर लावायचं.”

चांगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. शेषेरावाची छाती मात्र फुगली. त्याचा शब्द इतक्या मोठ्या दवाखान्यात निघाला होता. “ग्राफ्ट ना? करा सायेब. मला ठावं हाय,” असं म्हणून तो मोकळा झाला. पुढं काही विचारायची त्याला गरजच वाटली नाही.

तो घरी आला आणि कातडं कुणाचं घ्यायचं याचा विचार करू लागला. आजवर एका झाडाची काडी त्याच झाडावर बांधलेली त्यानं पाहिली नव्हती. काडी आणायची ती दुसऱ्या, निरोगी, कसदार झाडाची. मेव्हण्याच्या अंगावर पांढरे डाग होते, तो बाद झाला. आई तयार होती, पण जुनं लाकूड जीव धरत नाही. गल्लीतले तिघं-चौघं पुढं झाले, त्यांनाही त्यानं निरखून परत पाठवलं. शेवटी स्वतःची डावी मांडी त्याला पसंत पडली. न्हाव्याकडून ती तुळतुळीत करून घेतली, कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ केली आणि उपाशीपोटी एस.टी. धरली. सोबतीला शाळेत इंग्रजी शिकवणारे ग्यानोबा गुरुजी होते. बसमध्ये चढताना त्यांना दोन-तीन जणांनी ‘जय भीम’ घातला, एकानं नव्या जिल्ह्याचं विचारलं.

गुरुजी सांगू लागले, “आपला तालुका उस्मानाबादेतून काढून लातूरला जोडलाय. ह्याला बी ग्राफ्टच म्हणायचं की.”

“मंग जीव धरायला येळ लागंल,” शेषेराव जाणत्यासारखा म्हणाला.

“अन् अमेरिकेत लाच खाण्याला बी ग्राफ्टच म्हणतेत.”

हे मात्र त्याला पटलं नाही. नांदेड येईपर्यंत तो अमेरिकेवर रुसून बसला.

दवाखान्यात पोचताच तो धोतर मांडीवर खोचून डॉक्टरांपुढं उभा राहिला. “घ्या सायेब. न्हाऊन आलोय.”

डॉक्टर गोंधळले. मग गुरुजींनी उलगडा केला तेव्हा हसू आवरून म्हणाले, “अहो, दुसऱ्याचं कातडं अंगावर टिकत नाही. तिच्याच मांडीचं घ्यायचंय.”

सिस्टर तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. शेषेरावानं धोतर खाली सोडलं. त्याला खरंच फार वाईट वाटलं. बायकोसाठी करण्यासारखं एवढं एकच त्याला सापडलं होतं, तेही कुणाला नको होतं. खाटेवरून चांगुणा म्हणाली, “बरंच झालं. तुमचं रापलेलं कातडं घिऊन मी कुठं मिरवू?” तिचं रडू तेवढ्यात थांबलं होतं. तो हिरमुसून बाकड्यावर बसला आणि गुरुजींनी आणलेली केळी एकामागून एक खाल्ली.

ऑपरेशन झालं. पट्टीला हात लावायचा नाही, असं बजावून डॉक्टर गेले. बांधलेलं कलम सोडून बघणाऱ्या मजुरांना शेषेरावानं आजवर फैलावर घेतलं होतं. आता त्याचीच बोटं घडीघडी पट्टीच्या कडेकडं जायची. एकदा तर त्यानं वास घेऊन पाहिला.

“हात काढा तिकडं,” चांगुणा खेकसली. “मजुरावर वरडताव अन् सोता काय करायलाव?”

पट्टी उघडायच्या दिवशी तो खोलीबाहेरच उभा राहिला. गुरुजींनी दंड धरून त्याला आत आणलं. जखमेवर कोवळं, गुलाबी कातडं चिकटून बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, “छान आहे. पण मेहनत पुढंच आहे. रोज बोटं मिटायची, उघडायची. हा चेंडू दाबून बघा.”

चांगुणानं चेंडूकडं पाहिलं आणि तो तसाच ठेवून नवऱ्याचं बोट धरलं. तिच्या कपाळावर घाम आला. पाची बोटं थरथरत, एकेक करून त्याच्या बोटाभोवती आली.

“बस कर,” शेषेराव म्हणाला. “लई आवळलंस. दुखायलंय.”

त्या पकडीत तान्ह्या लेकराइतकाही जोर नव्हता, आणि हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं बोट सोडलं नाही.