जनाक्कांच्या घरातला लाल सोफा

स्क्रीनवर दिसत होतं ते घर जनाक्कांचं नव्हतं.

मी बारामतीत, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये हेडफोन लावून बसले होते. एका चौकोनात पुण्याहून सुपरवायझर मॅडम. दुसऱ्या चौकोनात निरवांगी गावातली खोली. लाल सोफा, फुलाफुलांचा पडदा, टेबल फॅन. मागच्या आठवड्यात मी स्वतः तिथं जाऊन आले होते. तेव्हा खोलीत एक लोखंडी खाट आणि एक पत्र्याची पेटी होती. चुकीचा नंबर लागला की काय, असं मला वाटलं. पण सोफ्याच्या मधोमध आक्काच बसल्या होत्या.

मी समाजकार्य शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे वर्गात सांगतात ते सगळं मी अक्षर न् अक्षर पाळते. माझं फील्डवर्क, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा सराव, म्हाताऱ्या माणसांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. आक्का मोरीत घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर त्या वॉकर धरून चालतात. मुलगा चाकणला, एका खोलीत त्याचा संसार. संस्थेनं मोरीत धरायला दांडे बसवले आणि सकाळी मदतीला बाई दिली, तरच आक्का गावात राहू शकणार होत्या. नाहीतर मुलगा रविवारी त्यांना चाकणला न्यायला गाडी घेऊन येणार होता. आक्कांना जायचं नव्हतं.

हे सगळं संस्थेच्या सुपरवायझर मॅडम या कॉलवर ठरवणार होत्या. याला होम असेसमेंट म्हणतात. माणूस आपल्या घरात कसा वावरतो, ते बघायचं.

आदल्या दिवशी मी आक्कांना फोन केला होता. "मॅडम व्हिडिओवर घर बघणार आहेत. उजेडात बसा." वेबिनारमध्ये तसंच शिकवलं होतं. पुण्याचं माणूस घर बघणार म्हटल्यावर आमच्याकडची आळी काय करते, ते वेबिनारमध्ये नव्हतं.

"नमस्कार आजी," मॅडम म्हणाल्या. "घर छान ठेवलंय."

"बसा की मॅडम. च्या घ्या." आक्कांनी कप कॅमेऱ्यापुढं धरला.

"या कोण?"

डोक्यावर पदर घेतलेली एक बाई भिंतीला चिकटून उभी होती. "सून हाय," आक्का म्हणाल्या. मी सुनेचा फोटो बघितला होता. ती ही नव्हती.

"सून जवळच असते, हे बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "सपोर्ट सिस्टीम चांगली दिसते." सपोर्ट सिस्टीम म्हणजे अडीनडीला धावून येणारी माणसं. ती चांगली असली की संस्थेची मदत दुसऱ्या गरजूकडे जाते.

खरं सांगावं तर आक्कांचा आळीदेखत अपमान. न सांगावं तर चाकण. मग असेसमेंटमधली एक पायरी आठवली.

"मॅडम, आक्कांना मोरीपर्यंत चालायला सांगू का?"

"हो, तेवढं बघूच."

आक्का वॉकर धरून उठल्या. दोन पावलं गेल्या आणि अडल्या. सोफ्याचा हात मागच्या दारात आला होता. वॉकर जाईना.

"सोफा जरा सरकवा," मी म्हणाले.

शेजारचे टेलर रशीदभाई कुठूनसे पुढे आले आणि ओढू लागले. फोन धरून उभी असलेली त्यांची बायको शबानाभाभी मागून म्हणाली, "आवो, उचला, वडू नका. पाय मोडंल. आपल्या घरातनं आणताना कसा अल्लाद आणला हुता."

रशीदभाईंनी सोफा तसाच सोडला.

"तुमच्या घरातून?" मॅडमनी विचारलं.

आक्का वॉकरला धरून उभ्याच होत्या. "पाव्हणं घर बघाया येणार म्हणल्यावर मोकळी खोली दावायची व्हय?"

"पंखा?"

"शाळंच्या मास्तरांचा."

"आणि सून?"

"सुरेखा. पलीकडल्या घरातली. तिच्या सासूला इचारूनच घेतलीया."

मॅडमनी तोंडावर हात धरला. त्यांचे खांदे हलत होते. जरा वेळानं त्या म्हणाल्या, "आता मोरी दाखवा. ती तरी तुमचीच आहे ना?"

मोरी आक्कांचीच होती. ती सजवायचं कुणाला सुचलं नव्हतं. गुळगुळीत ओली फरशी, उंच उंबरा, धरायला काही नाही. मॅडमनी दांडे तिथल्या तिथं मंजूर केले.

मग त्यांनी सुरेखाला विचारलं, "खरं सांगा, आजींकडे सकाळी कोण येतं?"

"मीच येते की. पानी भरते, अंघूळ घालते. सासू वरडती, पर येते."

"मग आम्ही दुसरी बाई कशाला शोधायची?"

सुरेखाला संस्थेनं आमच्या ऑनलाइन ट्रेनिंगला बसवलं आणि मदतनीस म्हणून नेमलं. आता तिची सासू तिला वेळेवर धाडते. मुलगा रविवारी गाडी घेऊन आला, तो आईच्या हातचं जेवून परत गेला. आक्का आळीत सांगतात, "सून म्या निवडली, पगार संस्था देती."

माझ्या फील्डवर्क अहवालावर मॅडमनी शेरा लिहिला: 'निरीक्षण ठीक.' मी त्यातून एवढं शिकले की, व्हिडिओवर घर बघायचं असेल तर माणसाला उजेडात बसवू नये. मोरीकडं चालायला लावावं.