पेणकरांचं आडनाव

सोसायटीच्या दारातली नावांची पाटी पुसताना मला माझा एक घोळ आठवतो. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत नवे शेजारी आले होते आणि सभेत त्यांची ओळख सेक्रेटरी म्हणून मी करून दिली. ते ज्यू आहेत असं कळल्यामुळे, मान म्हणून, त्यांचं साधं ‘पेणकर’ मी जीभ वळवून ‘पेन्काऽर’ असं साहेबी थाटात घेतलं. ते उठलेच. “वरचे रोहेकर तुम्हाला रोहेकरच, आणि मी ज्यू म्हणून परदेशी होय? पिढ्यान्‌पिढ्या पेणचे आहोत आम्ही.” पुढे केलेला चहाही त्यांनी घेतला नाही. पहिल्याच दिवशी शेजार तुटला म्हणून मी घरी तोंड पाडून बसलो, तर बायको त्यांच्याकडूनच गोड पोह्यांची वाटी घेऊन आली. “त्यांच्या बायकोला सांगून आले,” ती म्हणाली, “‘ज्यूंचं काही नाही हो, आमचे हे सगळ्यांशीच असे वागतात.’ लगेच पटलं त्यांना.”