कस्तुराबाईच्या भारंभार गूळ

आमच्या पेडगावात कस्तुराबाई वाटेनं निघाली की लोक आधी तिच्या अंगाकडे बघायचे आणि मग तिच्याकडे. अंगानं ती दांडगी होती, हे खरंच. तिच्या हातात बांगड्या भरताना कासारीण घामाघूम व्हायची आणि वर दोन शब्द ऐकवायची. पण ह्या अंगानं ती करायची काय, ते कुणी सांगत नसे. एक घागर डोक्यावर, एक कमरेवर घेऊन ती आडावरून घरापर्यंत एका दमात यायची, आणि वाटेत थांबून माझ्याशी भांडायलाही तिला फुरसत असायची. ज्वारीच्या काढणीत तिच्या बरोबरीनं पात लावणारी बाई गावात नव्हती. तरी तिचं नाव निघालं की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

मी तिची शेजारीण, भिंतीला भिंत लागून घर. भावकीच्या नात्यानं ती मला जाऊबाई म्हणायची. मी अंगानं काडी. मला बघून ह्याच बायका हळहळायच्या, "सासरचे खायला घालत न्हाईत का गं बाई तुला?" आता कस्तुराबाई जास्त आणि मी कमी, तर मधली बरोब्बर मापाची बाई गावात कोण होती? मी पुष्कळ शोधली. जिला विचारावं तिच्यात कुणी ना कुणी खोट काढून ठेवलेलीच होती.

कस्तुराबाईची सासू नर्मदाबाई. हिचा तर रिवाजच होता, घरी पाहुणा आला की चहाबरोबर सुनेचं अंग काढायचं. "आमच्या दत्तरावाला एकच बायको हाय, पण दोघींइतकी हाय," असं म्हणायची आणि पाहुणा हसेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. हे बोलत असताना चहा मात्र सुनेनंच आणलेला, पाणी सुनेनंच भरलेलं, आणि पाहुण्याच्या बैलाला वैरणही सुनेनंच टाकलेली.

एका दिवाळीला कस्तुराबाईला मुदतीचा ताप आला. ती सालं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणाची होती. रस्ते कधी बंद पडतील सांगता येत नसे. तशातच बैलगाडीत घालून दत्तरावानं तिला परभणीच्या दवाखान्यात नेलं आणि परतही आणलं. ताप उतरे, पुन्हा चढे. बाई अशी वाळली की खाटेवर गोधडीच पडलीय असं वाटावं. आणि इकडे घर बसलं. म्हशीला दुसऱ्याचा हात चालेना. दत्तरावाला भाकरी थापता येईना आणि नर्मदाबाईला रांजण भरता येईना. एके दिवशी पेज घेऊन मी गेले, तर म्हातारी सुनेच्या उशाशी बसून मारुतीच्या देवळाकडे हात जोडत होती. इतक्या मोठ्यानं बोलली, की मी ऐकलं, दत्तरावानं ऐकलं आणि दारातल्या दोघीतिघींनी ऐकलं.

"मारुतीराया, ही आपल्या पायानं भरली घागर घेऊन तुझ्या पारावर आली, की हिच्या भारंभार गूळ वाटीन."

आमच्याकडे हा नवस जुना आहे. माणसाला तराजूच्या एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्या पारड्यात गूळ घालायचा, दांडी सरळ झाली की तो गूळ गावाला वाटायचा. पण हा नवस लोक बोलतात तो बाळासाठी. फार तर वयात न आलेल्या पोरासाठी. पुऱ्या वाढीच्या सुनेसाठी तो बोललेला मी तरी पहिल्यांदाच ऐकला. म्हातारीच्या डोळ्यांपुढं त्या घडीला खाटेवरची सून होती, गोधडीएवढी. तेवढ्याच अंदाजानं तिनं नंतर घरात गुळाच्या ढेपा आणून ठेवल्या.

ताप उतरला. बाई उठून भिंतीला धरून चालायला लागली. आता भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आणि काय सांगू, मी लग्नांत एवढं कौतुक ऐकलं नव्हतं. माझी चुलतसासू तानुबाई उंबऱ्यातच थबकली.

"अगं बया! आजारपण लय मानवलं गं तुला! कशी पोरीवाणी दिसायलीस."

डोळे खोल गेलेले, केसांचे पुंजके गळालेले, उभं राहिलं की गुडघे लटलटायचे. आणि म्हणे पोरीवाणी. दुसरीनं कमरेला हात लावून बघितला. तिसरीनं तर दवाखान्यातल्या औषधाचं नाव विचारलं. लग्नाच्या वयाची एक पोर मला कोपऱ्यात गाठून म्हणाली, "काकू, असा ताप यायला काय करावं लागतं?" मी तिला जे ऐकवलं ते इथं लिहिण्याजोगं नाही.

राग मला ह्या बायांचा नव्हता तेवढा दुसऱ्या गोष्टीचा होता. कस्तुराबाईला ते सगळं आवडत होतं. का आवडू नये? जन्मात पहिल्यांदा कुणी तिला चांगली म्हणत होतं. चोळ्या दोन्ही बाजूंनी टाचून घेतल्या. आरशासमोर बसून गालांवर बोटं फिरवायची, तिथं हाड लागायचं, आणि ती हसायची. मला ते बघवत नसे.

तिचा दीर दिनकरराव परभणीला कचेरीत कारकून होता. रविवारी गावी यायचा तो पेपरातली आरोग्याची कात्रणं खिशात घालूनच. स्वतःचं पोट त्याच्या आधी दारातून आत यायचं, पण कात्रणं सगळी बायकांसाठी. "वहिनी, आता सावरलं हाय तर सावरूनच राहा. सकाळी गरम पाण्यात लिंबू. भाकरी बंद. दुपारी मुगाचं पाणी." एवढं सांगून तो धपाटे खायला बसायचा, आणि धपाटे संपले की दही मागायचा. नर्मदाबाईला हा बेत पसंत पडला. तिची आरोग्याशी काही ओळख नव्हती, पण ढेपा डोळ्यांसमोर होत्या.

पारावरच्या पुरुषांनाही विषय मिळाला. विद्यापीठाचं नाव बदलावं की नाही, ह्यावर तिथं रोज आवाज चढायचे, एकमेकांशी बोलणं टाकलेली माणसं होती. पण कस्तुराबाईनं आता जाड होऊ नये, ह्यावर सगळ्या पाराचं एकमत होतं. बाकी कुठल्याच गोष्टीत ती माणसं एका बाजूला बसलेली मी बघितली नाहीत.

सगळ्यांच्या ध्यानातून एकच गोष्ट निसटली होती. नवसात घागर होती. भरलेली, आपल्या पायानं आणायची. सून हलकी राहावी आणि घागर मात्र उचलावी, असा तो घरच्यांचा हट्ट. माघात एका सकाळी नर्मदाबाई म्हणाली, नवस फेडायला उगाच चैत्रातल्या हनुमान जयंतीपर्यंत कशाला थांबायचं, आणून बघ. कस्तुराबाई लिंबाच्या पाण्यावर आडाला गेली. घागर भरली, डोक्यावर चढवली, आणि माझ्या दारासमोर येईस्तोवर पाय गेले. घागर गडगडत नालीत. बाई मातीत.

मी धावले आणि तिला उचललं. मी, काडी, मी तिला उचलून घरात आणलं. ती उचलली गेली, ह्याचंच मला भेव वाटलं. जी बाई माझ्या अंगणातला जात्याचा दगड एका हातानं सरकवायची, ती माझ्या काखेत लोंबत होती.

पाणी पाजलं. डोळे उघडले तर काय म्हणाली?

"जाऊबाई, मला भूक लागलीय."

तव्यावरची भाकरी तशीच दिली, वर पिठलं. ती खाता खाता रडायला लागली. "लोक पहिल्यांदाच चांगलं म्हणायलेत हो. पुन्हा तशीच झाले तर? आणि त्या पारड्यात बसायचं हाय, सगळ्या गावापुढं. माझं वजन गाव बघणार. मला तर मरण आलं असतं तर बरं झालं असतं."

माझं डोकं फिरलं. "लोक कुणाला चांगलं म्हणायलेत?" मी विचारलं. "तुला? तू तर आत्ता मातीत पडली होतीस, तवा एक तरी आली का? त्यांना ताप आवडलाय, तू न्हाईस. दुसरी भाकरी टाकू का?"

"टाका," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती जेवायला लागली. कुणाला सांगून नाही, कुणापासून लपवूनही नाही. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक. आधी अर्धी घागर, मग पाऊण, मग भरलेली. शेतात आधी बांधावर बसायची, मग खुरपं घेतलं, मग तिची पात पुन्हा सगळ्यांच्या पुढं जायला लागली. केस आले. आवाज आला, तापानंतरचं आमचं पहिलं भांडण झालं त्या दिवशी मी सुखानं जेवले. चोळ्यांचे टाके उसवून तिनं त्या मूळच्या मापाच्या केल्या.

आणि कौतुक आटलं. "पुन्हा सुटायलीस गं," तानुबाई म्हणाली, जशी काही कस्तुराबाई उसनी नेलेली वस्तू परत करायला विसरली होती. दिनकरराव रविवारी आला आणि कात्रण हातात धरून बघतच राहिला. नर्मदाबाई मात्र गप्प झाली. पाहुण्यांपुढं सुनेचं अंग काढणंही थांबलं. मला वाटलं, म्हातारी मनात ढेपा मोजतेय.

चैत्रात हनुमान जयंतीला सगळं गाव पारावर लोटलं. मारुतीच्या जन्माला एवढी गर्दी कधी होत नसे. कस्तुराबाई आडावरून भरली घागर घेऊन आली, थेंब न सांडता, आणि पुजाऱ्याच्या पुढं ठेवली. तिथवर कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे तराजूकडे बघत होते. किशनराव गावातला मोठा शेतकरी. त्याचा धान्य जोखायचा तराजू पिंपळाच्या फांदीला टांगला होता. पुढं जागा धरून बसलेल्या बायकांत तानुबाई पहिली.

कस्तुराबाई पारड्यात बसली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. मान खाली. समोरच्या पारड्यात ढेपा पडायला लागल्या. घरातल्या होत्या त्या सगळ्या पडल्या. दांडी जागची हलली नाही.

आधी एक पोरगं खिदळलं, मग बायका, मग पार. दत्तराव जमिनीकडे बघायला लागला. दिनकरराव किशनरावाच्या कानाशी लागला, आणि किशनराव मोठ्या समजूतदारपणानं पुढं झाला.

"सूनबाई, एक पाय भुईला टेकवा. उगं जरासा. देवाला भाव पोचतो, वजन कोण बघायलंय?"

वजन कोण बघायलंय, म्हणे. अख्खं गाव दुसरं काय बघत होतं? पण सगळ्यांना ते पटलं. "टेकव, टेकव," बायका म्हणायला लागल्या. "त्यात काय एवढं." मी काही बोलणार, तेवढ्यात कस्तुराबाईचा उजवा पाय पारड्याबाहेर आला. बोटं भुईला लागली. तिकडची ढेपांची बाजू खाली झुकायला लागली, आणि लोकांनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

"पाय वर घे, कस्तुरे!"

नर्मदाबाई ओरडली होती. म्हातारी काठी टेकत तराजूपाशी आली.

"किशनराव, नवस तुमी बोललाव का मी? ताप होता तवा माझ्या घरात सुनेची नुसती हाडं राहिली होती. रोज बघायचे मी. तेवढीच पाहिजे असती तर देवाला कशाला हाक मारली असती? मी अख्खी सून मागितली. त्यानं अख्खी दिली. आता त्याला अर्धीच जोखून दाखवू? पाय वर घे म्हणलं ना!"

कस्तुराबाईनं सासूकडे बघितलं. असं तिनं म्हातारीकडे कधी बघितलं नसेल. मग तिनं पाय आत ओढला, दुसराही वर घेतला, आणि पारड्यात ऐसपैस मांडी घातली. पारडं धप्पकन भुईला बसलं.

"दत्ता, बघत काय उभा राहिलास," नर्मदाबाई म्हणाली. "गूळ आण."

दत्तराव दुकानाकडे पळाला. दिनकररावालाही तिनं त्याच्या मागं पिटाळलं, पोटासकट. दोघं ढेपा वाहून आणत राहिले आणि गाव उन्हात ताटकळत बसलं, कारण गूळ सोडून उठायची कुणाची तयारी नव्हती. तानुबाईनं तर पदर आधीच पसरून ठेवला होता. शेवटी दांडी सरळ झाली. किशनराव म्हणाला, झालं, उतरा आता.

कस्तुराबाई उतरेना.

"बसू द्या की जरा," ती म्हणाली. "लय वर्षांनी निवांत बसलेय."