गेनबा ओतारी आणि चिमाबाईंची समई

पेशवाईच्या उतरत्या काळात कसब्यात गेनबा नावाचा ओतारी राहत असे. घंटा ओतणे हा त्याचा पिढीजात धंदा. कुठलेही भांडे हातात आले, की तो ते आधी कानाशी नेई आणि टिचकी मारून ऐके. "एकदा वितळलं की त्याला काय इचारणार?" असे तो म्हणे.

पेठेतल्या देवीची घंटा तडकली आणि नवी ओतायचे काम त्याच्याकडे आले. रीत अशी होती, की घरोघरचे काशाचे जुने भांडे यायचे आणि देणाऱ्याने ते स्वतःच्या हाताने मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या मातीच्या भांड्यात सोडायचे. त्या सकाळी गेनबाच्या अंगणात बरीच मंडळी जमली होती. तांबडालाल रस पाहायला पोरांपेक्षा थोरांचीच गर्दी जास्त.

चिमाबाई जड समई कडेवर घेऊन आल्या. त्यांचे यजमान वर्षापूर्वी वारले होते. "आमच्या यांनी हौसेनं आणलेली. देवीच्या घंटेत हिचा आवाज लागला पाहिजे," त्या म्हणाल्या.

गेनबाने टिचकी मारली. दांडा ठणकला, पण बैठक 'थप्' म्हणून गप्प बसली. आत शिसे भरले होते. तेवढे शिसे रसात उतरले असते, तर अख्ख्या पेठेची घंटा मुकी झाली असती. पण हे चारचौघांत कसे सांगावे?

"बाई, बैठक जरा शेकून घेतो. आत ओल हाय. रसात ओल गेली तर उडंल."

त्याने दांडा काढून ठेवला आणि बैठक गोवऱ्यांच्या मंद आचेवर पालथी घातली. काशाला भट्टीची धग लागते; शिशाला एवढीच आच पुरते. थोड्या वेळाने बैठकीखालून चकचकीत धार निघाली आणि राखेत लपली.

बैठक निवली. चिमाबाईंनी ती उचलली आणि त्यांचा हात वर उडाला.

"अरे गेनबा, ही हलकी कशी झाली?"

"ओल फारच वजनदार होती म्हणायची," घंटेसाठी आपला तांब्या घेऊन गर्दीत उभे असलेले दीनानाथपंत म्हणाले.

लोक हसले. चिमाबाई हसल्या नाहीत. "माझ्या माणसाची वस्तू आहे ती. काय काढून घेतलंस?"

आता गप्प राहणे म्हणजे चोर ठरणे. गेनबाने राख उकरली आणि शिशाचा गोळा चिमट्याने त्यांच्यासमोर ठेवला. "हे होतं आत, बाई. मालकांचं नाव निघंल म्हणून खोटं बोललो. चुकलं."

चिमाबाईंनी बैठकीवर स्वतः टिचकी मारली. आता ती खणखणीत वाजली. त्यांनी पुन्हा एकदा मारली, मग तिसऱ्यांदा.

"तीस वर्षं सांगत होते, सबंध काशाची म्हणून," त्या म्हणाल्या. "दुकानदारानं फसवलं असेल. भोळेच होते." त्यांनी डोळे पुसले, समईचे दोन्ही तुकडे मुशीत सोडले आणि त्या तिथेच पाटावर बसल्या.

"पंत, तो तुमचा तांब्या द्या बघू इकडे."

"माझा? अहो, त्यात काय बघायचंय!"

"ओल," चिमाबाई म्हणाल्या.

एकेक भांडे वाजवून बघण्यात दिवस गेला आणि घंटा त्या दिवशी ओतली गेली नाही. दुसऱ्या दिवशी ओतली, तोवर चार घरची भांडी काही न बोलता परत गेली होती. पंतांनी मात्र दुसरा तांब्या आणला, आणि आधी चिमाबाईंना वाजवून दाखवला.